शनिवारचा नवरा

१

स्नेहल घर सोडून गेली तेव्हा भात अजून गरम होता, घराची चावी खिळ्याला होती आणि खाटेवर एक कादंबरी पालथी पडली होती. चिठ्ठी नव्हती. पण त्या कादंबरीतल्या चार ओळींखाली तिनं नखानं अशी रेघ ओढली होती, की कागद फाटायचाच तेवढा बाकी होता.

तीच कादंबरी घेऊन तिचा नवरा प्रवीण महाडला काकरतळ्यात मुनाफ मुकादमांच्या ओटीवर येऊन बसला. प्रवीण पोलादपूरच्या अलीकडच्या वाडीतला. वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. चार दिवसांची दाढी, डोळे तांबारलेले.

"चाचा, तुमी तीस वर्षं कशेडी घाटात दरीत गेलेल्या ट्रकांचा शोध लावलात. माझा पन लावा."

मुकादम विमा कंपनीचे सर्व्हेअर. ट्रक आपणहून गेला की मालकानं ढकलला, हे ते चाकांचे ओरखडे बघून सांगत. निवृत्त झाले तरी कंपनी आठवड्यातून दोनदा बोलावते, हे घरी आणि नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्यांचा रहस्यकथांचा नाद. पण एकही रहस्यकथा त्यांनी शेवटपर्यंत वाचली नव्हती. निम्म्यात गुन्हेगार कळला की पुस्तक मिटायचं, असं त्यांचं तत्त्व होतं, आणि या तत्त्वाचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

त्यांनी चष्मा लावून त्या चार ओळी वाचल्या.

'शनिवारी तो वीर स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे गेला. मागच्या सीटवर पोपटी साडीचा तुकडा शिवलेला होता. तुकड्याच्या काठावर मोर होते. त्या मोरांवर ती बसली होती, मांडीवर मूल घेऊन.'

"तुकडा स्नेहलच्या साडीचा हाय," प्रवीण म्हणाला. "उंदरानं कुरतडली म्हनून मीच शिवला सीटला. अख्ख्या तालुक्यात तशी दुसरी रिक्षा नाय. आता ती म्हनते, ज्यानं तुकडा बघितला त्यानं बाई पन बघितली असनार. त्यात मी शनिवारी उशिरा येतो."

"का येतोस?"

"मुंबैची मानसं शनिवारी उतरतात चाचा. गाडी लेट असली का मी पन लेट. बाई कुठली नि पोर कुठलं, मला झोपायला टाईम नाय. पन ती पाचाडला म्हायेरी जाऊन बसलीय. म्हनते, ज्यानं लिवलं त्याला माझ्यासमोर उभा कर, नायतर रविवारी भाऊ टेम्पो घेऊन सामान न्यायला येईल."

पुस्तकाचं नाव होतं 'शनिवारचा नवरा'. लेखक 'काळनदीकर'. असा कुणी माणूस महाडात नव्हता.

"तुमी वीरला नेहमी दिसता म्हनून म्हटलं, तुमाला काय ठावं असेल," प्रवीण म्हणाला. "पावन्यांना घ्यायला येता ना?"

"कामं असतात," मुकादम म्हणाले आणि विषय बदलला. "रविवारच्या आत लेखक शोधतो. तू दाढी कर."

२

लेखक शोधायचा तर आधी पुस्तक वाचायला हवं, आणि इथंच मुकादमांचे हाल सुरू झाले.

कादंबरी रटाळ होती म्हणणं म्हणजे रटाळपणावर अन्याय. एक बायको असते. नवरा शनिवारी कुठंतरी जातो. कुठं, हे तिला कळत नाही. बस्स. पन्नास पानं झाली तरी ती तांदूळच निवडत होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दार वाजवायचं आणि पुढच्या प्रकरणात ती शेजारीण निघायची, विरजण मागायला आलेली.

"अरे, काहीतरी घडव की," मुकादम पुस्तकावर ओरडले.

आतून त्यांची बायको हफिजा म्हणाली, "कुनाला बोलताव?"

"या काळनदीकराला. स्नेहलनं घर सोडलं ते नवऱ्यावरच्या संशयानं नसेल, कंटाळ्यानं असेल."

नव्वदाव्या पानावर मात्र त्यांनी पुस्तक मिटलं ते आपटूनच. नवरा बायकोला सांगतो, 'घाटाच्या वळणावर ट्रक पलटी झालाय, यायला रात्र होईल.' मुकादम तरातरा स्वयंपाकघरात गेले. हफिजा सुकट साफ करत होती.

"हे बघ अक्कल. वळणावर ट्रक पलटी म्हणे. अगो, बोगदा झाल्यापासून ट्रक बोगद्यातून जातात. वळणावर आता माकडंसुद्धा बसत नाहीत. ज्याला आपल्या तालुक्याचा रस्ता ठाऊक नाही त्यानं रहस्यकथा लिहावी?"

"चुकलं असेल बिचाऱ्याचं," हफिजा म्हणाली. "पुढं वाचा."

"गरज नाही. दुसरी बाई, तिचं पोर, वीरला भाड्यानं खोली. उघड आहे."

हफिजानं सुकटीतली काडी काढून बाजूला टाकली. "असेल. तुमाला कळतंच सगळं."

यात टोमणा आहे की कौतुक, हे तीस वर्षं टायरचे ओरखडे वाचणाऱ्या माणसाला कळलं नाही. तो आपला चपला घालून छापखान्याकडे निघाला.

३

छापखाना उबेदचा. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं आणि निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे जाहीरनामे, एकाच मशीनवर. पुस्तकाच्या मागे त्याचंच नाव होतं.

"चाचा, लेखकाचं नाव सांगनार नाय," उबेद हसत, हात पुसत म्हणाला. "शब्द दिलाय."

"एक संसार मोडतोय, उबेद."

उबेदचं हसू मावळलं. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. लेखकाची एक अट हाय. जो पुस्तक शेवटपर्यंत वाचून येईल, त्याला नाव सांगायचं. मी शेवटाबद्दल एक प्रश्न विचारनार, उत्तर आलं की नाव मोकळं. आठ म्हैने झाले. एक मानूस आला नाय."

"कोणी वाचलंच नाही?"

"मी पन नाय वाचलं. छापताना झोप लागत होती. उत्तर तेवढं मला लिवून दिलंय." त्यानं मुकादमांकडे निरखून बघितलं. "तुमी वाचलंत का पुरं?"

"मला पुरं वाचायची गरज पडत नाही."

"मग काय उपयोग," उबेद म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.

मुकादम चरफडत बाहेर पडले. अट पुरी करायला अजून दोनशे पानं वाचायला हवी होती. त्यापेक्षा अक्कल चालवून लेखक शोधणं सोपं, असं त्यांना वाटलं. माणूस कष्ट टाळायला किती कष्ट करतो त्याला सुमार नाही.

दुसरा धागा तेजश्री. ती कॉलेजात मराठी शिकवायची, इथल्या साप्ताहिकात पुस्तकांवर लिहायची आणि गेल्या वर्षीच तिनं आपण कादंबरी लिहिणार असल्याचं जाहीर केलं होतं. महाडात एवढा पुरावा पुष्कळ झाला.

"मी? आणि हे?" तेजश्रीनं पुस्तक दोन बोटांत धरलं. "मुकादमसाहेब, माझा अपमान करू नका. मी हे पुस्तक वाचलंय, अख्खं. परीक्षण लिहायचं होतं म्हणून वाचलं. शेवट वाचून भिंतीवर मारलं. तीनशे पानं नवरा कुठं जातो, कुठं जातो, आणि शेवटी काय, तर तो—"

"थांबा," मुकादम ओरडलेच. "शेवट सांगायचा नाही. मला आजवर कुणी शेवट सांगितलेला नाही."

"तुमची मर्जी. मग एवढंच सांगते. हा लेखक नाही, लेखिका आहे."

"कशावरून?"

"नवरा घरी येतो तेव्हा बायको आधी त्याचे बूट बघते. तोंड नंतर. बुटांना घाटातली लाल माती नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळतं, आणि ती गप्प बसते. हे पुरुषाला सुचणार नाही. पुरुषानं लिहिलं असतं तर तिनं खिशात केस शोधला असता."

मुकादम रस्त्यावर आले. मघाशी ज्याला त्यांनी भूगोलाची चूक म्हटलं होतं, ते आठवून त्यांचा पाय अडखळला. ट्रक वळणावर पलटी होऊच शकत नाही. मग ती चूक लेखिकेची नव्हती. नवरा खोटं बोलत होता आणि बायकोला ते बोगद्यावरून कळलं होतं. खूण डोळ्यांसमोर ठेवलेली होती आणि मुकादमांनी ती खोडून, वर लेखिकेला शिव्या घातल्या होत्या.

त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. सवयीप्रमाणे तो त्यांनी पुस्तकावर काढला.

४

शनिवारी सकाळी त्यांनी प्रवीणला बोलावलं. दाढी त्यानं केली नव्हती.

"तुझ्या मागच्या सीटवर ही लेखिका बसलेली आहे. त्याशिवाय तुकडा, काठ, मोर एवढं बारीक कुणी लिहिणार नाही. तुकडा कधी शिवलास?"

"मागच्या दिवाळीला."

"पुस्तक निघालं होळीला. म्हणजे त्या चार महिन्यांत. वेगळी वागलेली एखादी बाई आठव."

"चाचा, बायका रिक्षात बसतात नि उतरतात. वेगळं काय—" प्रवीण थांबला. "एक होती. उतरलीच नाय ती."

"म्हणजे?"

"इथनंच, काकरतळ्याच्या नाक्यावरनं बसली. तोंडाला ओढनी बांधलेली. म्हनाली, वीरला चल. ठेसनाबाहेर आलो, तर म्हनते, पुढं नको, हितंच थांबव. कुंपनातनं फलाट दिसतो ना, तिथं. बसून ऱ्हायली. बराच वेळ. मी म्हटलं, गाडी चुकंल. तर म्हनते, मला गाडी नाय पकडायची. हसली नाय, रडली नाय. सीटच्या मोरांवरनं बोट फिरवत होती. मग म्हनाली, चल परत."

"काय बघत होती?"

"मी नाय वळून बघितलं. पन वार मंगळवार होता. म्हंजे तुमची स्कूटर लावलेली होती ना बाजूला, म्हनून ध्यानात ऱ्हायलं."

मुकादमांनी प्रवीणला पाणी दिलं. मग स्वतः प्यायले. त्यांच्या डोक्यात आता चार गोष्टी एका ओळीत उभ्या राहिल्या होत्या. काकरतळ्यातली बाई. तिचा नवरा वीरला जातो. तो घाटातल्या ट्रकाचं निमित्त सांगतो. त्याच्या बुटांना माती नसते. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत एवढं हाताशी असतं तर त्यांनी नाव कधीच सांगून टाकलं असतं.

"सापडली का बाई?" प्रवीणनं विचारलं.

"उद्या सकाळी रिक्षा घेऊन ये," मुकादम म्हणाले. "पाचाडला जायचंय."

प्रवीण गेल्यावर त्यांनी नव्वदावं पान उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा एक रहस्यकथा शेवटपर्यंत वाचायला घेतली.

५

शेवटच्या प्रकरणात बायको रिक्षा करून वीरला जाते. रिक्षातच बसून राहते आणि नवऱ्याची वाट बघते. वाट बघताना तिच्या मनात ती दुसरी बाई येते, मोरांवर बसलेली, मांडीवर मूल घेतलेली. म्हणजे स्नेहलनं नखानं रेघ ओढलेल्या त्या चार ओळी या बायकोच्या डोक्यातल्या होत्या. मग ती कुंपणातून बघते.

नवरा फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलेला असतो. एकटा. मांडीवर कामाची बॅग, हातात पुस्तक, बाजूला हेल्मेट. गाडी आली की तो उठून शर्ट नीट करतो, कुणी उतरणार असल्यासारखा. गाडी जाते. तो बसतो. पुन्हा पुस्तक उघडतो. त्याला कामावर कुणी बोलावलेलं नाही. कधीपासूनच बोलावलेलं नाही.

एवढंच. बाई नाही, खोली नाही, मूल नाही. तीनशे पानांचं रहस्य म्हणजे एक बाक.

तेजश्रीनं भिंतीवर मारलं यात नवल नव्हतं. वाचक म्हणून मुकादमसुद्धा खवळले असते. पण ती बॅग त्यांची होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं कळवलं होतं, आता ड्रायव्हर मोबाईलवर फोटो पाठवतात, तपासणी तिकडेच होते, माणसाची गरज नाही. हे घरी सांगायचं त्यांच्या जिभेवर आलंच नाही. मंगळवारी आणि गुरुवारी टेप, वही, हेल्मेट घेऊन ते निघत आणि वीरच्या फलाटावर दुसऱ्यांच्या रहस्यांचे गुन्हेगार पकडत बसत.

त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"एका शब्दानं विचारायचंस ना."

हफिजानं मागे वळून त्यांच्या हातातलं पुस्तक बघितलं. शेवटच्या पानात बोट होतं. ती कढईखालचा गॅस बंद करून म्हणाली, "इचारलं असतं तर तुमी कशेडीला आनखी एक ट्रक पाडला असता."

"म्हणून कादंबरी?"

"तुमी मानसाचं ऐकत नाय. पुस्तक तरी वाचता. म्हटलं, रहस्यकथा लिवली तर हातात घेतील. तुमी नव्वद पानांवर मिटाल हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

"शनिवार कशाला घातलास?"

"मंगळवार घातला असता तर नव्वद पन नसती वाचलीत." मग तिचा आवाज खाली आला. "त्या पोरीचं असं होईल हे मला नाय कळलं. डोळ्यांसमोर मोर होते, मी मोर लिवले. तो प्रवीण येऊन गेल्यापासनं घास उतरत नाय. मीच उद्या पाचाडला जाते. सांगते, सगळं मनातलं हाय म्हनून."

"तिला पटणार नाही."

"का?"

"सगळेच म्हणतात मनातलं आहे. दावा करणारा अर्धं सांगतो आणि अर्धं गिळतो, तेव्हा मी कधी सही केली नाही. ती विचारेल, मग तो नवरा कोण होता?"

"सांगीन, कुनी नाय."

मुकादमांनी शेवटच्या पानातलं बोट काढलं. तो नवरा कोण हे एकदा पाचाडला चारचौघांत बोललं गेलं की सोमवारपर्यंत महाडच्या नाक्यावर येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

६

पाचाडला स्नेहलच्या माहेरची खानावळ. रायगडावरून उतरलेली मंडळी पिठलं-भाकरीवर तुटून पडली होती, आणि बाजूला तिच्या भावाचा टेम्पो उभा होता. ताडपत्री, दोर, सगळं तयार. स्नेहल भाकऱ्या थापत होती. नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. मुकादमांना मात्र बसायला बाक पुसून दिला.

"आनलात लेखकाला?"

"आणलंय. ही माझी बायको, हफिजा. हिनं लिहिलंय."

स्नेहलचा हात परातीतच थांबला. हफिजा पुढं झाली. "पोरी, ती बाई खरी नाय. मी ह्याच्या रिक्षात बसले, तुझ्या साडीचे मोर बघितले आनि लिवले. बाकी सगळं माझ्या मनातलं."

"मनातलं," स्नेहल म्हणाली. "असं कोन उगाच मनातलं लिवतं? कुनाचा तरी नवरा खोटं बोलून वीरला जात असेल, तवाच सुचलं असेल ना. ह्याचा नाय तर कुनाचा?"

हफिजा तोंड उघडणार होती, "कुनी नाय" म्हणायला. त्याआधी मुकादम बोलले.

"तू पुस्तक कुठवर वाचलंस गो?"

"त्या चार ओळींपर्यंत. पुढं काय वाचायचं ऱ्हायलं?"

"माझंही तसंच. आता ऐक. त्या पुस्तकातला नवरा घाटाच्या वळणावर ट्रक पलटी झाला म्हणून सांगतो. प्रवीण असं कधी सांगेल का? त्याचं ट्रकांशी काय देणंघेणं? असं बोलणारा माणूस ट्रकांच्या धंद्यातला पाहिजे. तो वळणावरचं सांगतो, म्हणजे बोगदा होऊन गाड्या तिकडे वळल्या तरी जुनीच थाप चालवतोय. त्याच्या मांडीवर सर्व्हेची बॅग आहे. पुस्तकात शनिवार घातलाय, पण खरा तो मंगळवारी वीरला असतो, बाहेर त्याची स्कूटर असते. प्रवीण, कोणाची स्कूटर?"

प्रवीण गोंधळला. "तुमची. पन तुमी तर पावन्यांना—"

"पाहुणा कुणी नाही रे. दोन वर्षांत एकही नाही. मला काम राहिलेलं नाही. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून जाऊन बाकावर बसतो. तो नवरा मी."

खानावळीत दोन टेबलांवरची माणसं जेवायची थांबली होती. त्यातला एक महाडचाच होता. मुकादमांनी त्याला ओळखलं आणि मान हलवली.

स्नेहलनं हाताचं पीठ झटकलं. मग ती प्रवीणकडे वळली, पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"उंदरानं साडी एका कोपऱ्यात कुरतडली होती. बाकी चांगली होती. मला इचारल्याबिगर कापलीस कशी?"

"मला वाटलं—"

"वाटलं. तुमाला सगळ्यांना नुसतं वाटतं." तिनं भावाला हाक मारली. "टेम्पो ने परत. आनि तू बस जेवायला, तोंड बघ कसं झालंय."

प्रवीण बसला. त्याच्या पुढं ताट आलं, मग मुकादम नवराबायकोपुढंही. मुकादमांना जेवण जात नव्हतं, म्हणून ते पुस्तकावर घसरले.

"काही म्हण, शेवट पडलाय तुझा. एवढी पानं वाचणाऱ्याला मिळतं काय? बाक."

"मला पन तेच मिळालं," हफिजा म्हणाली. "बाई असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या. बाकाशी काय भांडू?"

"आत का आली नाहीस? जागा होती बाजूला."

"तुमी बोलावलं नवतं."

मुकादमांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग ताटाकडे बघत म्हणाले, "परवा मंगळवार. कशेडीला काही झालेलं नाही. मी वीरला जाऊन बसणार आहे. येतेस?"

हफिजा त्यांच्यावर वैतागलीच. "हे आधी सांगत जावा की. मला डबा दोघांचा करावा लागेल."